चार कान

डायोड त्या नव्या ॲम्प्लिफायरवर बसायला तयार नव्हती.

डायोड ही आमची मांजर. घरातून दुकानात ती आपल्या पायानं यायची, पण दुकानातून घरात न्यायची तर उचलूनच न्यावी लागायची. डायोड हा वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा पार्ट. हीही एकाच दिशेनं जाते म्हणून अप्पांनी, माझ्या वडिलांनी, तिचं नाव डायोड ठेवलं होतं. दुकानात कुठलंही मशीन चालू झालं की बाईसाहेब त्याच्या पत्र्यावर चढून ऊब घेत पसरायच्या. त्या रविवारी मात्र अप्पांनी तिला दोनदा उचलून नव्या पेटीवर ठेवलं, आणि दोन्ही वेळा ती कान मागे पाडून खाली उतरली आणि बाहेर माझ्याजवळ कट्ट्यावर येऊन बसली.

"कालच रंग मारलाय," अप्पा आतून म्हणाले. "वास सहन होत नसेल बयेला."

मी बाहेर बसले होते, कारण मशीन चालू असताना मला आत यायची बंदी होती. ही अप्पांची जुनी रीत. मशीन पुरं होईपर्यंत त्याचा आवाज माझ्या कानावर पडू द्यायचा नाही. बांधणाऱ्याचा कान रोज ऐकून ऐकून निर्ढावतो, त्याला आपल्याच मशीनचे दोष ऐकू येईनासे होतात, म्हणून एकाचा तरी कान कोरा ठेवायचा, असं ते म्हणायचे. सात वर्षांची असल्यापासून तो कोरा कान माझा होता. शेवटचा स्क्रू बसला की ते मला हाक मारायचे, खुर्चीत बसवायचे, आणि मी "खालचा आवाज फुगलाय" किंवा "डावीकडं चरचरतंय" म्हटलं की एक शब्द न बोलता पेटी पुन्हा उघडायचे. गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या दुकानात चार कान आहेत. दोन माझे, दोन चारूचे." ते ऐकून मी दिवसभर हवेत असायचे.

चारू म्हणजे मी, चारुशीला तारळेकर. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, सांगलीला एका लॅबमध्ये नोकरी करायचे आणि रविवारी जयसिंगपूरला घरी यायचे. आई जाऊन चार वर्षं झाली होती. सहाव्या गल्लीत पुढं दुकान, मागं दोन खोल्या, आणि त्यात अप्पा आणि डायोड. तीस वर्षं अप्पांनी हातानं ॲम्प्लिफायर बांधले. पंचक्रोशीतली देवळं, मंगल कार्यालयं, गाण्याचे शौकीन वकील-डॉक्टर, सगळीकडं त्यांची पेटी. पण ही गोष्ट दोन हजार सहा सालातली. तोवर लोक कंपनीचं होम थिएटर घ्यायला लागले होते आणि वर्षभरात अप्पांच्या हातून एकही नवीन मशीन बाहेर पडलं नव्हतं. दुरुस्तीला पंखे आणि मिक्सर यायचे तेवढेच.

अशात दोन महिन्यांपूर्वी श्रेणिक मगदूम दुकानात आले. तंबाखूचे व्यापारी, वयानं अप्पांएवढेच, साठी ओलांडलेले. शिरोळ रोडला बंगला बांधत होते आणि त्यात सिनेमा बघायला वेगळी खोली काढली होती. त्यांच्या हातात एक कागद होता. त्यावर तीन कंपन्यांच्या रिसीव्हरची नावं आणि पुढं वॅट लिहिलेले. रिसीव्हर म्हणजे सिनेमाचा आवाज मोठा करून पाच स्पीकरांना पुरवणारी पेटी. पहिला शंभर वॅटचा, दुसरा नव्वद, तिसरा एकशेदहा. कागद काउंटरवर ठेवून त्यांनी अप्पांना विचारलं, मास्तर, तुमचं मशीन किती वॅटचं. अप्पा म्हणाले, पन्नास. मगदूम जरा ओशाळले आणि कागदाची घडी घालायला लागले.

आता वॅटचं म्हणाल तर तो सगळा खोक्यावर छापायचा मामला. कंपनीवाले एकच स्पीकर जोडून मोजतात आणि तो आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. पाचही स्पीकर एका वेळी जोडा, मग बघा कसा दम लागतो तो. अप्पांनी मगदूमांना ते करूनच दाखवलं. मगदूमांच्या गाडीत कोल्हापूरच्या दुकानदारानं ऐकून बघायला दिलेला एक काळा रिसीव्हर होता. अप्पांनी गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात तेल ओतून त्यात जाड तारेची पाच वेटोळी बुडवली, प्रत्येक वेटोळं म्हणजे एकेक स्पीकर, आणि मीटर लावला. पाचही चालू केल्यावर शंभराचे छत्तीस झाले. मग आपली जुनी पेटी जोडली. पन्नासाचे पन्नास राहिले.

मगदूमांनी दोनदा वाकून मीटर बघितला. पटलं म्हणाले. मग डब्याकडं बघत हळूच म्हणाले, "पण मास्तर, घरी आलेला पाहुणा काय डब्यात बघणार आहे? तो खोक्यावरच बघणार."

एवढं बोलणं अप्पांच्या जिव्हारी लागलं. मला ते फोनवर म्हणाले की यावेळी वॅटपण दाखवतो आणि आवाजपण. आणि तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्यांच्या पेटीत लोखंडाचा ट्रान्सफॉर्मर असायचा, भला मोठा, वजनदार. पाचही स्पीकरांना ऐंशी-ऐंशी वॅट द्यायचे तर तो एवढा वाढला असता की पेटी उचलायला दोन माणसं लागली असती. म्हणून त्यांनी तो काढून टाकला आणि कॉम्प्युटरमध्ये असतो तसला वीज पुरवणारा हलका सप्लाय स्वतः बांधून घातला. पुस्तकं आणून वाचली. दोन महिने दुसऱ्या कशाला हात लावला नाही. पंखे तसेच पडून राहिले आणि लोक येऊन ओरडून गेले.

त्या रविवारी सकाळी चहा गाळताना ते मला म्हणाले, "चारू, हे जमलं नाही तर बांधायचं बंद. पंखेच दुरुस्त करीन मग." म्हणाले हसत, पण गाळणं कपाच्या बाहेर गेलं आणि त्यांना कळलंही नाही. मी फडक्यानं ओटा पुसला.

अकराच्या सुमाराला मगदूम आले, काळा रिसीव्हर घेऊन. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, दोन्ही मशीन पडद्यामागं ठेवायची आणि पोरीला ऐकवायचं. पोरगी म्हणेल ते मी घेणार. अप्पांची मुलगी अप्पांच्या मशीनचा निकाल देणार, हे ऐकून कुणी हसलं असतं, पण मगदूमांचा माझ्यावर विश्वास होता आणि त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी त्यांचा टेप दुरुस्त करून देताना अप्पा 'झाला' म्हणाले होते आणि मी त्यांच्यादेखत 'नाही' म्हणाले होते. टेप अजून किंचित हळू फिरत होता. अप्पांनी तो तसाच परत उघडला होता आणि मगदूमांना चहा पाजला होता. आपली मुलगी चारचौघांत आपल्याला खोटं पाडते याचा त्या माणसाला केवढा अभिमान वाटला होता.

दोरीवर चादर बांधली. डीव्हीडी प्लेअर एकच, स्पीकर तेच, फक्त मधली पेटी बदलायची. अप्पांनी आधी दोन्हींचा आवाज मीटर लावून अगदी सारखा केला. ही त्यांची दुसरी रीत. "मोठा आवाज कुणालाही चांगलाच वाटतो," ते मगदूमांना समजावून सांगत होते. "आधी आवाज सारखा करायचा, मग तुलना करायची. नाहीतर ती फसवाफसवी." मग मगदूम चादरीमागं गेले, कारण बटण त्यांच्याच हातात पाहिजे होतं. मी खुर्चीत बसले. अप्पा माझ्या शेजारी स्टुलावर.

गाणं सुरू झालं. मगदूम मागून "एक नंबर" म्हणाले, मग थोड्या वेळानं "दोन नंबर".

दोन नंबर अप्पांचा होता. ते ओळखायला मला पडद्याच्या अलीकडं-पलीकडं बघायची गरज नव्हती. बाईचा आवाज पुढं आला, तबल्याची शाई कळायला लागली, खोली भरून गेली. काळ्या पेटीत हे नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. अप्पांनी केलं म्हणायचं, ऐंशी वॅट दाखवले आणि आवाजही राखला. मी तोंड उघडणार एवढ्यात गाणं संपलं आणि दुसरं सुरू व्हायच्या आधी खोली जरा शांत झाली.

त्या शांततेत मला शिट्टी ऐकू आली. फार बारीक, फार वरची. खोलीत कुठंतरी एकच डास असावा तशी. आधी मला वाटलं ट्यूबलाइटची असेल. तेवढ्यात मगदूमांनी बटण फिरवलं, "एक नंबर", आणि शिट्टी बंद. परत "दोन नंबर". परत आली. चारी बाजूंच्या स्पीकरांतून येत होती, अखंड.

मी अप्पांकडं वळून बघितलं. ते डोळे मिटून बसले होते. मान जरा तिरपी, ओठांवर हसू. मशीन मनासारखं झालं की ते असेच बसायचे. गल्लीतल्या दुसऱ्या घरातला टीव्ही बिघडलाय हे कट्ट्यावरून ओळखणारा हा माणूस, आणि त्याच्या तोंडासमोर शिट्टी वाजत होती आणि तो हसत होता. चादरीमागच्या मगदूमांनाही ती कळत नव्हती. मला एकटीलाच कळत होती.

शिट्टीचं मला काही वाटलं नाही. मशीन म्हटलं की काहीतरी निघतंच. पण शिट्टी आहे म्हणून सांगायचं म्हणजे अप्पा, तुमचे कान गेले, हे मगदूमांच्या देखत सांगायचं. सकाळी कपाबाहेर सांडलेला चहा मला आठवला. पंख्यांचा ढीग तर समोरच होता.

"बोल की गं," अप्पा डोळे न उघडता म्हणाले.

"दोन नंबर," मी म्हटलं.

"नक्की? काही खोट नाही?" मगदूमांनी मागून विचारलं.

"काही नाही. दोन नंबरच चांगला आहे."

मगदूमांनी चादर सरकवली. अप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला आणि परत काढून पुसला. मगदूमांनी त्यांना मिठीच मारली. पेटी लगेच गाडीत गेली. संध्याकाळी अप्पांनी माझ्यासाठी भडंग आणि आइस्क्रीम आणलं आणि आईच्या फोटोसमोर उभे राहून काहीतरी पुटपुटले. आज नको सांगायला, पुढच्या रविवारी दोघंच असू तेव्हा सांगू, असं मी मनाशी ठरवलं. मगदूमांना तरी कुठं ऐकू येतंय, एवढी काय घाई. डायोड आत आली आणि कोपऱ्यातल्या जुन्या पेटीवर निवांत झोपली. मी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

पुढच्या रविवारी मी पोचले तर मगदूमांची गाडी दारात. नवीन पेटी काउंटरवर होती. मगदूम फार अवघडले होते बिचारे. पुन्हा पुन्हा तेच सांगत होते की मास्तर, मला आणि घरच्यांना तर काहीच ऐकू येत नाही, पण सुट्टीला लेकीची मुलं आलीत, ती त्या खोलीत थांबत नाहीत. कान झाकून बाहेर पळतात. शिट्टी वाजते म्हणतात.

अप्पांनी मशीन जोडलं. स्पीकरला कान लावला. उजवा, मग डावा. मग मगदूमांना म्हणाले की राहू दे इथं, बघतो मी. मगदूम गेल्यावर त्यांनी फळीवरून एक जुनं यंत्र काढलं. त्याचा खटका फिरवला की एकेक सूर निघतो, खालच्यापासून अगदी वरच्यापर्यंत. आणि एक पाटी घेतली.

"चारू, बस. माझ्याकडं पाठ कर. ऐकू आलं की हात वर करायचा."

मला वाटलं मशीनचं काही तपासतायत. मी बसले. लहानपणापासून या खुर्चीत बसून खरं तेच सांगायची सवय. ते वरून खाली यायला लागले आणि मला ऐकू आल्याबरोबर मी हात वर केला. त्यांनी पाटीवर आकडा लिहिला, सोळा हजार, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं; आकडा जितका मोठा तितका सूर वरचा. मग स्वतः बसले आणि खटका मला फिरवायला सांगितला. मी फिरवत राहिले. चौदा हजार, बारा, दहा. प्रत्येक सूर माझ्या कानात टोचत होता आणि अप्पांचा हात मांडीवरच होता. आठला त्यांचं बोट जरा हललं, पण हात उठला नाही. सातच्या थोडं वर असताना तो उठला. तो आकडा त्यांनी स्वतः माझ्या आकड्याखाली लिहिला.

नव्या पेटीतली शिट्टी कितीवर होती तेही त्यांनी मीटरनं काढलं होतं, पाटीच्या कोपऱ्यात ते होतंच. चौदा हजार.

"त्या दिवशी तुला ऐकू आली होती?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी हो म्हणायला पाहिजे होतं. पाटी माझ्यासमोर होती, सगळं त्यावर लिहिलेलं होतं. पण मला त्यांचं तोंड बघवेना आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही अप्पा."

त्यांनी पाटीवरचे आकडे तळहातानं पुसले. खालचा आधी, मग वरचा.

"माझे दोन गेले त्याचं काही नाही गं," ते म्हणाले. "वय झालं. मला वाटत होतं, अजून दोन शिल्लक आहेत."

मग माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं, चहाचं, पंख्यांचं, मगदूमांच्या देखत बोलवेना त्याचं. ते ऐकून घेत होते. मी म्हटलं, दुरुस्त होईल ना, करा ना. त्यांनी पेटीचं झाकण उघडून आत बोट दाखवलं. शिट्टी नव्या सप्लायची आहे, ती अडवायला इथं एक कॉइल आणि इथं दोन कंडेन्सर, बास. अर्ध्या दिवसाचं काम. त्याच दिवशी बोलली असतीस तर मगदूमांना जेवायला थांबवून संध्याकाळपर्यंत करून दिलं असतं.

"मग आत्ता करा."

"करीन की," अप्पा म्हणाले. "पण शिट्टी गेली, हे मला कोण सांगणार?"



त्यांनी झाकण लावलं आणि पेटी वरच्या फळीवर ठेवली. मगदूमांनी काळा रिसीव्हर घेतला. अप्पांनी त्यानंतर एकही मशीन बांधलं नाही आणि मला कधी खुर्चीत बसवलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, पण तसंही काही नाही. माझं लग्न त्यांनी हौसेनं केलं, माझ्या मुलीला डायोडच्या पिल्लांशी खेळवलं. फक्त कुठला रेडिओ दुरुस्त करून झाला आणि मी जवळ असले, तर अप्पा तो माझ्या समोर चालू करायचे नाहीत. गिऱ्हाइकाला म्हणायचे, तुम्हीच ऐकून घ्या. चार कान हा शब्द मी परत त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

तेरा वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. तोवर त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं मशीन ते ड्रॉवरमध्ये ठेवायचे, त्याचा आवाज पत्र्यासारखा आहे म्हणायचे. मी त्यांच्यापाशी राहायला गेले होते. एक दिवस दुपारी मी फळीवरची ती पेटी खाली काढली. बोट दाखवलेली जागा मी विसरले नव्हते. एक कॉइल, दोन कंडेन्सर. अर्धा दिवसही लागला नाही.

अप्पांना उशीला टेकवून बसवलं. पेटी त्यांच्या समोर ठेवली. त्यांनी ती ओळखली, पत्र्यावरून हात फिरवला. मी बटण दाबलं आणि लाल दिवा लागला.

अप्पांनी डोळे मिटले. मान जरा तिरपी केली. मग हसले.

"गेली गं शिट्टी," ते म्हणाले. "छान झालंय. एकदम स्वच्छ."

मी त्यांचा हात धरून मान हलवली. स्पीकरच्या वायरी मी अजून जोडल्याच नव्हत्या, माझ्या दुसऱ्या हातात होत्या.